कोंबड्या कशानं मेल्या, हे पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या भागात कोंबड्या मेल्याची बातमी आली, हेडिंगमध्ये बर्ड फ्लूचा संशय, सोबत पीपीई किट घातलेल्या माणसांचा कुठला तरी जुना फोटो. दोन दिवसांनी रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण त्याची चार ओळींची बातमी सुद्धा आली नाही. मी विट्याजवळ बारा हजार लेयर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या सांभाळतो, अठरा वर्षं झाली या धंद्यात, राहवलं नाही म्हणून लिहितोय. निगेटिव्ह म्हणजे बर्ड फ्लू नाही एवढंच. मग त्या मेल्या कशानं, हे ना पेपरनं विचारलं ना बाकी कुणी.

मागच्या हिवाळ्यात माझ्याकडं काय झालं ते सांगतो. बॅच ३४ आठवड्यांची, अंड्यांचं प्रोडक्शन ९३ टक्क्यांवर, सगळं नीट चाललेलं. रात्री लाईट बंद केल्यावर शेडमध्ये दहा मिनिटं गप उभं राहून ऐकायची मला सवय आहे, तर एका रात्री लांबच्या कोपऱ्यातून घरघर ऐकू आली, एखादी कोंबडी शिंकायची, मग दुसरी, आणि चार दिवसांत अख्खी शेड घरघरायला लागली. दहा दिवसांत प्रोडक्शन ६८ वर आलं. अंडी बघवत नव्हती, कवच सुरकुतलेलं, कुठं खडबडीत, कुठं इतकं पातळ की हातात घेतल्यावर बोट आत जायचं. बायकोनं एक अंडं ताटात फोडलं तर पांढरं नुसतं पाण्यासारखं सगळीकडं पसरलं आणि पिवळा बलक एकटाच मध्ये पडून राहिला. डॉक्टरांनी मेलेला पक्षी उघडून दाखवला, किडनी सुजून फिकट पडलेली आणि आत चुन्यासारखं पांढरं साचलेलं. ते म्हणाले आयबी दिसतोय, इन्फेक्शस ब्राँकायटिस.

आता माझ्या पक्ष्यांना आयबीची लस झालेली होती. मानमोडीची लस लासोटा पण वेळच्या वेळी, पाण्यात स्किम मिल्क पावडर टाकून, सकाळी पक्षी तहानलेले ठेवून, सगळं नियमानं. मग आजार आला कसा? सॅम्पल एका लॅबला पाठवलं, पैसे भरले, रिपोर्ट आला आयबी पॉझिटिव्ह. बास, एवढंच. अहो, जिवंत लस दिली की तिचा व्हायरस पण कित्येक आठवडे पक्ष्यात सापडतो, म्हणजे हे पॉझिटिव्ह माझ्या लसीचं की बाहेरून आलेल्या रोगाचं हे त्या कागदावरून कळतच नाही! ते कळायला सिक्वेन्सिंग, म्हणजे व्हायरसच्या जीनची अक्षरं वाचणं लागतं, आणि ते आमच्याकडं होत नाही असं उत्तर मिळालं.

कोविडमध्ये अल्फा, डेल्टा, ओमायक्रॉन ही नावं घराघरात पाठ झाली होती. आयबी पण कोरोना व्हायरसच आहे, कोंबड्यांचा, माणसाला होत नाही (२०२० मध्ये चिकनमधून कोरोना पसरतो अशी अफवा उठली आणि आम्ही पार धुऊन निघालो, म्हणून हे मुद्दाम लिहितो). १९३१ साली अमेरिकेत नॉर्थ डकोटामधून याची पहिली नोंद झाली. साधारण साडेसत्तावीस हजार अक्षरांचा याचा जीनोम, म्हणजे जीनचा अख्खा संच, कॉपी होताना चुका होतात, आणि एकाच पक्ष्यात दोन जातीचे व्हायरस शिरले तर ते आपसात तुकडे बदलून तिसराच तयार होतो. सगळ्यात जास्त बदलतो तो वरच्या स्पाइकचा, म्हणजे काट्याचा एस-वन भाग, आणि लसीमुळं पक्ष्याला जी ओळख होते ती प्रामुख्यानं त्याच भागाची. तो फार बदलला की लस दिलेली असून नसल्यासारखी. आपण आयबीची एच-१२० लस देतो ती मॅसॅच्युसेट्स गटातली, अंड्यातून १२० वेळा वाढवून मवाळ केलेली, चांगली लस आहे, पण तिच्यानंतर १९९० च्या सुमारास ब्रिटनमध्ये ४/९१ हा नवा प्रकार आला, १९९६ मध्ये चीनमध्ये क्यूएक्स सापडला. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरच्या आयबीची एस-वनवरून वर्गवारी केली तेव्हा ३२ वंश निघाले, त्यातला जीआय-२४ हा भारतातला. आणि २००५ मध्ये किडनी खराब करणाऱ्या एका नव्याच जातीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला तो भारतातल्या व्हायरसवर, ज्याच्या नावातच पुणे आहे. म्हणजे वीस वर्षांपूर्वी आपल्या दारात हे सापडलंय.

मानमोडीचं, म्हणजे राणीखेतचं थोडं वेगळं आहे. तिथं सिरोटाइप एकच, म्हणजे एका लसीची ओळख सगळ्या प्रकारांना चालते, त्यामुळं लासोटानं मर थांबते, पण लासोटा १९४६ चा आणि जीनोटाइप (जीनवरून पाडलेला गट) दोनचा, आपल्याकडं आता जास्त सापडतो तो जीनोटाइप तेरा. लस दिलेला पक्षी मरत नाही पण व्हायरस विष्ठेतून बाहेर टाकत राहतो, अंडी घटतात, शेजारच्या शेडला लागतं. त्यात एच-नाइन-एन-टू, म्हणजे सौम्य जातीचा बर्ड फ्लू, आणि आयबी एकत्र आले तर विचारूच नका.

माहितीच नसल्यामुळं होतं काय, तर आम्ही अंदाजानं लसी देतो. कंपनीचा माणूस येतो, म्हणतो साहेब यावेळी व्हेरियंटची, म्हणजे आयबीच्या नव्या प्रकाराची लस पण मारा, आम्ही मारतो. पण तो व्हेरियंट आपल्या भागात नसेलच तर जिवंत लसीमधून आपणच तो शेडमध्ये आणून सोडतोय, आणि वर सांगितलं तसं दोन व्हायरस एकत्र यायची सोय करून देतोय. यात मला त्या माणसाची चूक दिसत नाही, त्याला पण माहीत नाही काय फिरतंय ते.

माझं पशुसंवर्धन खात्याला कळकळीचं सांगणं आहे की आयबी आणि राणीखेतच्या पॉझिटिव्ह सॅम्पलचं सिक्वेन्सिंग झालंच पाहिजे. अख्खा जीनोम नको, आयबीचा एस-वन भाग म्हणजे सोळाशेच्या आसपास अक्षरं, राणीखेतचा एफ जीन, ज्यावरून त्याचा जीनोटाइप ठरतो, एवढ्यानं काम भागतं. पुण्याला औंधला विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा आहे, शिरवळला, परळला, नागपूरला पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत, शिकलेली पोरं आहेत. दर तीन महिन्याला तालुकावार कुठला प्रकार सापडला एवढं मराठीत जाहीर करा, फार्मचं नाव नको. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सव्वासात कोटींच्या वर कोंबड्या होत्या, त्यांच्यावर किती घरं चालतात याचा विचार करा.

आणि फार्मचं नाव नको का म्हणतो, तर भीती. २००६ मध्ये नवापूरला लाखो पक्षी मारले ते आमच्या पिढीनं बघितलंय, खराच बर्ड फ्लू असेल तर ते करावंच लागतं, त्याला आमची ना नाही. पण प्रत्येक मरीला बर्ड फ्लू छापलं की शेतकरी सॅम्पलच पाठवत नाही, मेलेले पक्षी रात्रीत खड्ड्यात पुरतो, आणि मग कुठला व्हायरस होता ते कधीच कळत नाही. म्हणून तुम्हाला विनंती, रिपोर्ट येईपर्यंत थांबा, आणि निगेटिव्ह आला तरी पुढं काय निघालं ते विचारून छापा. माझ्या शेडमधले स्वॅब आणि किडनीचे तुकडे डॉक्टरांनी फ्रीजरला ठेवलेत. कुठलीही सरकारी लॅब किंवा कॉलेज तपासणार असेल तर बर्फाच्या डब्यात घालून मी स्वतः आणून देतो, एसटीनं.

आपला,
एक लेयर शेतकरी
ता. खानापूर, जि. सांगली