यात्रा घडली नाही, पैसेही परत आले नाहीत : ग्राहक संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : कोरोनाकाळात रद्द झालेल्या सहलींच्या आगाऊ रकमा परत मिळण्याबाबत आणि अशा रकमांना कायद्याचे संरक्षण देण्याबाबत.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी कोल्हापुरातील मंगळवार पेठेत राहते. 31 वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले आहे. हे पत्र मी माझ्या एकटीच्या वतीने लिहीत नसून आमच्या गल्लीतील भिशीच्या अकरा जणींच्या आणि त्यांच्याबरोबर यात्रेला निघालेल्या तिघा पुरुषांच्या वतीने लिहीत आहे. या चौदा जणांपैकी दोघी आज हयात नाहीत, आणि त्यांच्या मुलांनी मला हे पत्र लिहिण्यास सांगितले आहे.

आमच्या नेहमीच्या भिशीशिवाय 2017 पासून आम्ही प्रत्येकी दरमहा पाचशे रुपये चारधाम यात्रेसाठी वेगळे ठेवत होतो. आमच्यातील कोणी खानावळीला पोळ्या करून देते, कोणी शिवणकाम करते, दोघी-तिघींना नवऱ्याची तुटपुंजी पेन्शन आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, तेव्हा शिरोळ तालुक्यात माहेर असलेल्या आमच्या दोन मैत्रिणींनी अंगावरचे सोने गहाण ठेवून भावांची घरे उभी करायला मदत केली, पण यात्रेच्या पैशाला त्यांनी हात लावला नाही. तो पैसा देवाचा, असे त्या म्हणत. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये शहरातील एका सहल कंपनीकडे आम्ही नावे नोंदवली आणि फेब्रुवारी 2020 अखेर माणशी 27,500 रुपये, म्हणजे एकूण 3 लाख 85 हजार रुपये, पूर्ण भरून पावत्या घेतल्या. 12 मे 2020 रोजी, मंगळवारी, कोल्हापूरहून निजामुद्दीनला जाणाऱ्या साप्ताहिक गाडीने निघायचे, हरिद्वारहून यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ करायचे आणि सतराव्या दिवशी परत यायचे, असा कार्यक्रम ठरला होता.

पुढे काय झाले ते साऱ्या देशाला ठाऊक आहे. 22 मार्चपासून प्रवासी रेल्वेगाड्या थांबल्या, 25 मार्चपासून टाळेबंदी लागली आणि ती चार टप्प्यांत 31 मेपर्यंत वाढत गेली. आमची यात्रा आम्ही रद्द केली नाही आणि, न्यायाने बोलायचे तर, कंपनीनेही ती आपल्या मर्जीने रद्द केली नाही. ती शासनाच्या आदेशाने थांबली आणि तो आदेश योग्यच होता. मात्र प्रवास थांबवण्याचा आदेश ज्या शासनाने दिला, त्याच शासनाने त्या प्रवासासाठी भरलेल्या पैशाचे पुढे काय व्हावे हेही सांगायला हवे होते. ते सांगितले गेले नाही आणि आमची तक्रार नेमकी तिथून सुरू होते.

जून 2020 मध्ये कंपनीने आम्हाला पैशाऐवजी एक पत्र दिले. त्यात ही रक्कम डिसेंबर 2021 पर्यंत कोणत्याही सहलीसाठी वापरता येईल, रोख परत मिळणार नाही, असे लिहिले होते. आम्ही ते मान्य केले, कारण त्या दिवसांत कोणाचीच बाजू धड नव्हती आणि समोरच्या माणसाचाही संसार आहे हे आम्हाला दिसत होते. 2021 उजाडले आणि दुसरी लाट आली. तिने आमच्यातील एक जण नेली. दुसरी त्याच वर्षी हृदयविकाराने गेली. त्या वर्षी चारधाम यात्रेला उत्तराखंड उच्च न्यायालयाने जूनमध्ये स्थगिती दिली होती, ती सप्टेंबरच्या मध्यावर उठली, आणि उठली तेव्हाही केदारनाथला दिवसाला 800 आणि यमुनोत्रीला 400 भाविकांचीच मर्यादा होती. म्हणजे आमच्या हातातील पत्राची मुदत चालू असताना ते वापरण्याची वाट जवळपास बंदच होती. 2022 मध्ये आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा मुदत संपल्याचे सांगण्यात आले आणि माणशी नऊ हजार रुपये जादा भरल्यास विचार करू, असे उत्तर मिळाले. निवृत्त माणसांनी दुसऱ्यांदा नऊ हजार कुठून आणायचे, याचा विचार आम्ही करत होतो तोवर त्या कार्यालयाचे शटर खाली आले. आज त्या जागी मोबाइलचे दुकान आहे.

यातील एक गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. आमची रेल्वेची तिकिटे कंपनीने काढली होती. रद्द झालेल्या गाड्यांचे पूर्ण भाडे रेल्वेने परत केले; खिडकीवर काढलेल्या तिकिटांसाठी तर परताव्याची मुदतही वाढवून दिली. आमच्या तिकिटांचे भाडेही परत झाले होते, पण ज्या खात्यातून तिकिटे निघाली त्या खात्यात, म्हणजे कंपनीच्या. सरकारी यंत्रणेने प्रवाशाचा पैसा प्रामाणिकपणे सोडला आणि तो मधल्याच हातात राहिला. आमच्या पावतीत पाच टक्के जीएसटीही धरलेला आहे. तो शासनाकडे भरला गेला असेल, तर कधी घडलेल्याच नाही अशा सेवेचा कर आमच्याकडून गेला आहे, आणि भरला गेला नसेल, तर त्याचीही चौकशी आपल्याच शासनाने करायची आहे.

विमान प्रवाशांच्या बाबतीत मात्र असे झाले नाही. 1 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट आदेश दिले. टाळेबंदीच्या काळात त्याच काळातील प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे ताबडतोब परत करावेत. आधी काढलेल्या, 24 मे 2020 पर्यंतच्या प्रवासाच्या तिकिटांचे पैसे पंधरा दिवसांत द्यावेत. ज्या कंपन्या आर्थिक अडचणीत असतील त्यांना 31 मार्च 2021 पर्यंत ती रक्कम प्रवाशाच्या नावे जमा ठेवता येईल. मात्र त्यावर जून 2020 अखेरपर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि त्यानंतर पाऊण टक्का वाढ द्यावी, ती रक्कम दुसऱ्याच्या नावे करता यावी, आणि मुदतीअखेर वापरली गेली नसेल तर रोख परत करावी. तिकीट एजंटमार्फत काढले असेल तर एजंटाने परतावा प्रवाशाला लगेच द्यावा, हेही त्यात होते. कंपनीची अडचण आणि प्रवाशाचा हक्क या दोन्हींचा सांभाळ करणारा हा निर्णय मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी एकच प्रश्न मनात येतो की, विमानाने जाणाऱ्याला जे मिळाले ते बसने आणि रेल्वेने देवाला निघालेल्या माणसाला का मिळू नये? तो आदेश विमान तिकिटांपुरता होता. सहल कंपन्या, यात्रा कंपन्या, हॉटेले यांच्याकडे अडकलेल्या पैशाबद्दल कोणी तसा आदेश काढला नाही.

तरीही, शासनाने मनावर घेतले तर पैसे परत येतात, हे 2024 मध्ये दिसले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन तिकिटे विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीविरुद्ध आदेश दिला. 2021 मध्ये त्या कंपनीकडे टाळेबंदीत रद्द झालेल्या 36,276 बुकिंगचे 26 कोटींहून अधिक रुपये बाकी होते. सततच्या सुनावण्यांनंतर जून 2024 पर्यंत ती संख्या 4,837 बुकिंगवर आणि रक्कम सुमारे अडीच कोटींवर आली. उरलेल्या प्रवाशांना एकेक करून दूरध्वनी करता यावा म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पाच जागा स्वखर्चाने चालवण्याचा आदेशही कंपनीला देण्यात आला. प्राधिकरणाने स्वतः पाठपुरावा केला, म्हणून हे घडले. आम्हीही 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक मिळाला आणि काही दिवसांनी कंपनी प्रतिसाद देत नसल्याचे कळवण्यात आले. पोलिसांनी हा दिवाणी व्यवहार असल्याचे सांगितले.

आपण म्हणाल की जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्कही लागत नाही, मग तिथे का गेला नाहीत? याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर, आम्ही वाट पाहत राहिलो. सुरुवातीला त्या पत्रावर विश्वास ठेवून, नंतर मैत्रिणींच्या दुःखात आणि त्यानंतर कंपनीचा माणूस "बघू, देऊ" म्हणत होता म्हणून. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला होता. यात्रेच्या ठरलेल्या तारखेपासून मोजले, तरी त्या हिशेबाने आमची मुदत 2024 च्या फेब्रुवारीअखेर संपली. सबळ कारण असेल तर आयोग विलंब माफ करू शकतो, हे मला ठाऊक आहे. पण सत्तरी ओलांडलेल्या चौदा माणसांच्या घरांनी विलंबमाफीचे अर्ज, वकील आणि तारखा यांतून जावे आणि समोर बंद शटर असावे, याला दाद मिळणे म्हणत नाहीत.

म्हणून माझी आपल्याला पहिली विनंती अशी आहे की, त्याच कायद्याने आपल्या हातात जे दिले आहे ते वापरावे. कलम 35 प्रमाणे राज्य शासन स्वतः जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करू शकते. कलम 16 प्रमाणे, अनेक ग्राहकांच्या हक्कांवर एकत्रित घाला आला असेल, तर जिल्हाधिकारी चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणाला अहवाल देऊ शकतात, आणि जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्षही जिल्हाधिकारीच असतात. कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना आपण एक पत्र पाठवावे. जिल्ह्यातील ज्यांच्या सहली मार्च 2020 ते सप्टेंबर 2021 या काळात बुडाल्या आणि पैसे परत आले नाहीत, त्यांच्या पावत्या तालुक्याच्या ठिकाणी शिबिर घेऊन एकत्र कराव्यात, कोणत्या कंपनीकडे किती रक्कम अडकली याची यादी करावी आणि त्या यादीवर शासनाने तक्रारदार म्हणून उभे राहावे. आमची चौदा माणसे हा फार लहान आकडा आहे. गडहिंग्लज, इचलकरंजी, कागल इथल्या नातेवाइकांशी बोलते तेव्हा प्रत्येक घरी असे एखादे पत्र कपाटात ठेवलेले निघते.

दुसरी विनंती पुढच्या काळासाठी आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. महोदय, सहलीसाठी आगाऊ भरलेला पैसा सहल घडेपर्यंत प्रवाशाचाच असतो. भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 65 असेच सांगते की, करार निरर्थक ठरला तर त्याखाली ज्याने लाभ घेतला असेल त्याने तो परत केला पाहिजे. व्यवहारात मात्र प्रवाशाने भरलेला पैसा त्याच आठवड्यात आधीच्या सहलीची देणी, कार्यालयाचे भाडे, बसचा हप्ता यांत जातो आणि पुढच्या प्रवाशाच्या पैशातून मागच्याची सहल होते. लहान सहल कंपन्यांचे मालक लबाडच असतात असे मी मुळीच म्हणत नाही. हरिद्वारच्या हॉटेलवाल्याने त्यांचीही आगाऊ रक्कम परत केली नसेल, त्यांनीही नोकरांना घरी बसवून पगार दिले असतील. पण धंद्याची घडीच अशी आहे की एक मोठा धक्का बसला की सर्वांत शेवटी उभा असलेला प्रवासी बुडतो.

घर बांधणाऱ्या विकासकाबाबत हेच होत होते, तेव्हा रेराचा कायदा आला आणि ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक झाले. यात्रेच्या पैशाला हाच नियम का लावता येऊ नये? आपल्याला लागून असलेल्या गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा 1982 पासून आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची सहल कंपन्यांना मिळणारी मान्यता मात्र ऐच्छिक आहे. युरोपीय संघाच्या 2015 च्या निर्देशानुसार पॅकेज सहल (प्रवास, मुक्काम वगैरे एकत्र विकलेली सहल) रद्द झाल्यास चौदा दिवसांत पैसे परत द्यावे लागतात आणि कंपनी बुडाली तरी प्रवाशाची रक्कम सुरक्षित राहील अशी तरतूद आधीच करावी लागते. मे 2020 मध्ये युरोपीय आयोगाने, म्हणजे त्या संघाच्या कार्यकारी मंडळाने, कंपन्यांना व्हाउचर देण्याची मुभा सुचवली, तेव्हाही ते घेणे प्रवाशाच्या इच्छेवर असावे, कंपनी बुडाली तरी ते सुरक्षित असावे आणि वर्षभरात वापरले गेले नाही तर पैसे परत मिळावेत, असे बजावले. आमच्या हातात दिलेल्या पत्राला यांपैकी एकही अट नव्हती.

हा प्रश्न कोरोनाबरोबर संपलेला नाही. एप्रिल 2025 मध्ये पहलगामला पर्यटकांवर हल्ला झाला, त्यात महाराष्ट्राचीही माणसे गेली आणि काश्मीरच्या असंख्य सहली रद्द झाल्या. मे महिन्यात उत्तर आणि पश्चिम भारतातील 32 विमानतळ काही दिवस बंद होते. ऑगस्टमध्ये गंगोत्रीच्या वाटेवरील धराली गाव पुराच्या लोंढ्याखाली गेले आणि आपल्या राज्यातील यात्रेकरू तिथे अडकले. अशा प्रत्येक वेळी पैसे परत मिळणे हे कंपनीच्या भलेपणावर सोडले जाते. कोल्हापुरात अशा भल्या कंपन्या आहेत. एकीने 2020 मध्ये जागा विकून प्रवाशांचे पैसे दिल्याचे मी स्वतः पाहिले आहे. पण ज्याने कर्तव्य केले त्याचे घर रिकामे झाले आणि ज्याने टाळले तो नव्या नावाने पुन्हा धंदा करू शकतो, हा फरक कायद्यानेच मिटवला पाहिजे. नोंदणी, स्वतंत्र खाते, बँक हमी किंवा विमा, शासनाच्या आदेशाने प्रवास थांबल्यास ठरलेल्या दिवसांत परतावा, आणि पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या "कोणत्याही परिस्थितीत रक्कम परत मिळणार नाही" या ओळीला कायमची मनाई, एवढे असलेला राज्याचा कायदा आपण पुढील अधिवेशनात मांडावा, अशी आमची मागणी आहे.

आमच्या चौदा पावत्यांच्या प्रती, कंपनीने दिलेले पत्र, हेल्पलाइनवरील तक्रारीचा क्रमांक आणि दोन मृत सदस्यांच्या वारसांची संमतीपत्रे आपल्या कार्यालयाकडे टपालाने पाठवत आहे. मूळ पावत्या माझ्याकडे आहेत. जिल्हाधिकारी कार्यालय ज्या दिवशी बोलावेल त्या दिवशी आम्ही बाराही जण त्या घेऊन हजर राहू.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर