मंत्रिमहोदय, नववीच्या वर्गाला आठवड्यातला एक तास द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सविनय नमस्कार.

२७ जून २०२३ रोजी पुण्याच्या सदाशिव पेठेत, पेरुगेटजवळ, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका तरुणीच्या मागे एक तरुण कोयता घेऊन धावला. तिने त्याच्याशी बोलणं बंद केलं होतं. रस्त्यावरचे तरुण जीव धोक्यात घालून मध्ये पडले म्हणून ती वाचली. त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये बिबवेवाडीत कबड्डीच्या सरावाला आलेली चौदा वर्षांची मुलगी वाचली नाही. दोन्ही वेळी एकतर्फी प्रेम हेच कारण पुढे आलं. दोन्ही वेळी पोलीस, गस्त, जलद न्यायालय, कडक शिक्षा यांवर भरपूर बोललं गेलं. शाळेचं नाव फारसं कुणी घेतलं नाही. मी शाळेतली आहे, म्हणून नकार, नातेसंबंध आणि भावना यांविषयी मुलांशी बोलायला आठवड्याचा एक तास मागणारं हे पत्र लिहिते आहे.

पेरुगेटपासून कुमठेकर रस्त्यावरचं राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बालभारती सेनापती बापट रस्त्यावर, बोर्ड शिवाजीनगरला, शिक्षण आयुक्तालयही याच शहरात. महाराष्ट्रातल्या मुलांनी काय शिकायचं हे जिथे ठरतं, त्याच शहरात हे घडलं. शाळेत एक तास घेतला असता तर कोयता निघालाच नसता, असा दावा मी करणार नाही. पण एखाद्या मुलीने 'नाही' म्हटल्यावर पुढे काय करायचं असतं, हे आपण आपल्या मुलग्यांना कोणत्या इयत्तेत, कोणत्या विषयात शिकवतो? मी शोधलं. मला सापडलं नाही.

मी शहराच्या पूर्व भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. आठवी-नववीच्या वर्गात हे प्रकरण कसं सुरू होतं ते सांगते. एका मुलाला वर्गातली एक मुलगी आवडते. तो तिच्याशी धड एक वाक्यही बोललेला नसतो. तो मित्रांना सांगतो. दुसऱ्या दिवसापासून मित्र तिला जाता-येता 'वहिनी' म्हणायला लागतात. हजेरीत तिचं नाव आलं की मागच्या बाकांवरून खोकल्याची साथ येते. फळ्यावर दोघांची आद्याक्षरं उमटतात. पंधरा दिवसांत सगळा वर्ग तिला त्याची धरून चालतो आणि या सगळ्यात तिला कुणी काही विचारलेलंच नसतं. मग तिने दुसऱ्या एखाद्या मुलाची प्रयोगवही मागितली तरी तो 'धोका' ठरतो. आता मुलालाही मागे फिरता येत नाही, कारण प्रश्न आवडण्याचा राहिलेला नसतो, मित्रांसमोरच्या इभ्रतीचा झालेला असतो. मुलगी घरी सांगत नाही. घरी कळलं तर आधी तिचा फोन जाईल, मग क्लास आणि कदाचित शाळाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

ही मुलं वाईट नाहीत. इन्स्टाग्रामवर मेसेज बघूनही तिने उत्तर दिलं नाही म्हणून मधल्या सुट्टीत डबा न खाता बसून राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना रडायलाही जागा नसते, कारण रडणाऱ्या मुलाला घरीही आणि वर्गातही एकच उत्तर मिळतं: मुलीसारखा काय रडतोस! पाचवीपासून त्यांना वेगळ्या रांगेत उभं केलेलं असतं, वेगळ्या बाकांवर बसवलेलं असतं. मुलीशी सरळ, साधं, अभ्यासाचं किंवा खेळाचं बोलणं त्यांना येत नाही, कारण तशी वेळच आपण त्यांच्यावर येऊ दिलेली नाही. जे काही ते शिकतात ते रील्समधून आणि मोठ्या पोरांच्या कट्ट्यावर. तिथला धडा ठरलेला आहे: ती नाही म्हणते म्हणजे लाजते आहे, तू मागे लागत राहा.

एकदा ऑफ तासाला मी नववीच्या वर्गाला एक साधा खेळ दिला. जोड्या केल्या. एकाने वही मागायची, दुसऱ्याने 'नाही, मला द्यायची नाही' एवढंच म्हणायचं. कारण सांगायचं नाही. मागणाऱ्याने 'बरं, ठीक आहे' म्हणून जागेवर जाऊन बसायचं. एवढंच. मुलींना नाही म्हणणं जमेना. एक जण हसायला लागली, एकीने 'सॉरी, घरी विसरले' असं खोटंच सांगितलं, एकीने नाही म्हणता म्हणता वही पुढे केली. मुलांना 'बरं' म्हणता येईना. 'का पण?' 'दे ना, काय होतंय?' 'मी तुला मागच्या वेळी दिली होती की!' एका मुलाचा चेहरा खरोखर पडला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नुसत्या वहीसाठी, तेही खेळात. मग मी बाजू बदलल्या. आता मुलांनी नाही म्हणायचं होतं. तेव्हा त्याच मुलाने खणखणीत 'नाही' म्हटलं आणि समोरची मुलगी काही न बोलता जागेवर जाऊन बसली. तो तिच्याकडे बघत राहिला. तास संपताना त्याने विचारलं, "मॅडम, हिला वाईट नाही वाटलं?" ती म्हणाली, "वाटलं ना. पण तू नाही म्हणालास."

मी विज्ञानात जे शिकवते त्यातून हे कधीच बाहेर आलं नसतं. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननसंस्था आहे, 'सामाजिक आरोग्य' नावाचा प्रकरणभर मजकूर आहे, त्यात ताण आहे, व्यसन आहे, सायबर गुन्हेही आहेत. पण बहुतेक वर्गांत प्रजननाचा धडा आकृती आणि नावांवर संपतो. 'सामाजिक आरोग्य' शेवटाकडे येतं, तोवर सराव परीक्षा तोंडावर असतात.

महोदय, कागदावर आपल्याकडे काहीच नाही असं नाही, हेच मला जास्त लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या दहा जीवनकौशल्यांत परिणामकारक संवाद, समानुभूती, नातेसंबंध आणि भावनांना सामोरं जाणं ही नावानिशी आहेत. आम्ही ती बी.एड.ला पाठ केली आहेत. आयुष्मान भारतखाली २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात अकरा विषय ठरले, त्यात भावनिक आरोग्य आहे, परस्परसंबंध आहेत, स्त्री-पुरुष समानता आहे, इंटरनेटचा सुरक्षित वापर आहे. प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांनी आरोग्यदूत व्हायचं आणि आठवड्याला एक तास घ्यायचा, असं त्यात म्हटलं आहे. राज्याने २०२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळाशाळांत सखी सावित्री समित्या नेमायला सांगितलं. नववी-दहावीला 'स्व-विकास व कलारसास्वाद' हा विषय आहेच. आता कुठल्याही शाळेत जाऊन वर्गाचं वेळापत्रक बघा. 'स्व-विकास' लिहिलेल्या तासाला गणिताचा राहिलेला भाग चालू असतो. मी गणिताच्या सरांना दोष देत नाही. दहावीचा निकाल त्यांच्या माथी मारला जातो, आणि वर निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं आहेच.

डेटिंग शिकवा, अशी माझी मागणी नाही. कुणाला कसं पटवायचं, पहिल्या भेटीत काय घालायचं, हा शाळेचा विषय नाही आणि मी तो शिकवणारही नाही. पण २०२४ च्या सुरुवातीला काय झालं ते आपल्यालाही आठवत असेल. नववीच्या एका पुस्तकातली डेटिंग आणि नातेसंबंधांवरची पानं समाजमाध्यमांवर फिरली आणि सीबीएसईला ते पुस्तक आपलं नसल्याचा खुलासा करावा लागला. त्या गदारोळात एक गोष्ट नजरेआड झाली. पुष्कळ तरुण ती पानं बघून म्हणत होते की हे आम्हाला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आपल्या राज्याचा अनुभव याहून जुना आहे. २००७ साली संस्कृतीच्या नावाने विरोध झाला आणि महाराष्ट्राने शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. ज्या महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, खटले सोसून, लैंगिक शिक्षणाचं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, त्या महाराष्ट्राने. तेव्हा आठवीत असलेली मुलं आज तिशी ओलांडून आईबाप झाली आहेत आणि पालकसभेत मला विचारतात, "मॅडम, याच्याशी हे कसं बोलायचं, तुम्हीच सांगा." पालकांचा विरोध होईल, असं आम्हाला नेहमी सांगितलं जातं. मला भेटणाऱ्या पालकांत विरोधापेक्षा धास्ती जास्त आहे. मुलीच्या आईला भीती मुलाची, मुलाच्या आईला भीती पोलीस केसची.

आणि ही दुसरी भीती खोटी नाही. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने लैंगिक संबंधांना दिलेली संमती ही कायद्याने संमती नसते. मुलीने स्पष्ट नाराजी दाखवल्यावरही वारंवार पाठलाग करणं, संपर्काचा प्रयत्न करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर पाच. ऑनलाइन पाळत ठेवणंही त्यातच येतं. माझ्या वर्गातल्या सोळाव्या वर्षात पाऊल ठेवणाऱ्या मुलांना यातलं अक्षरही ठाऊक नसतं. नवीन नंबरवरून दहा वेळा मेसेज करणं हे त्यांच्या लेखी प्रेमातली चिकाटी असते. कायदा करणाऱ्या शासनानेच तो कायदा ज्यांना लागू होतो त्यांना वेळेत सांगू नये, हे मला अन्यायाचं वाटतं, मुलींवर आणि मुलांवरही.

म्हणून मागणी नेमकी सांगते. आठवी ते दहावी, आठवड्याला एक तास, वेळापत्रकात छापलेला, दुसऱ्या विषयाला देता न येणारा. त्याला गुण नकोत, परीक्षा नको, प्रकल्पवही तर नकोच. नाहीतर बाजारात त्याचीही गाईडं येतील. तास मुलामुलींचा एकत्र हवा. मुलींना तेवढं हॉलमध्ये नेऊन, सॅनिटरी पॅड वाटल्यासारखं उरकलेलं मासिक पाळीवरचं व्याख्यान मी पुष्कळदा पाहिलं. तेव्हा मुलगे ग्राउंडवर क्रिकेट खेळत असतात. पुण्यात १८८४ पासूनच्या हुजूरपागेसारख्या नामवंत मुलींच्या शाळा आहेत, मुलांच्याही जुन्या शाळा आहेत. अशा शेजारच्या दोन शाळांनी महिन्यातून एकदा हा तास मिळून घ्यावा. एकत्र शिकवणाऱ्या शाळांनाही त्यातून शिकायला मिळेल.

शिक्षकांचं प्रशिक्षण समोरासमोर व्हावं. मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून प्रमाणपत्र डाउनलोड करण्याचं प्रशिक्षण या विषयाला चालणार नाही, कारण चाळीस मुलांसमोर 'मला एक मुलगी आवडते' हे वाक्य गांभीर्याने ऐकून घेण्याची सवय आधी आम्हा शिक्षकांनाच करावी लागेल. ज्याला संकोच वाटतो त्याच्यावर सक्ती करू नका; प्रत्येक शाळेत हे मनापासून करणारे दोघे तरी निघतातच. शाळांच्या समूहामागे एक समुपदेशक द्या, ठरलेल्या दिवशी शाळेत येणारा. आणि सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलांसाठी चालणारी मैत्री क्लिनिक्स कुठे आहेत, कोणत्या वेळात उघडी असतात, एवढा कागद तरी प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर लावायला सांगा. माझ्या शाळेत तो नाही.

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. मुख्याध्यापक वेळापत्रक मे महिन्यातच बसवायला घेतात. परिपत्रक ऑगस्टमध्ये आलं तर तास गणिताला गेलेला असेल आणि आणखी एक नववी तशीच दहावीत जाईल. ते एप्रिलअखेर निघावं, ही विनंती.

आपली,
पुण्यातील एक माध्यमिक शिक्षिका