ईसीएचएस कार्ड सैनिकाच्या घरच्यांनाही वापरता आले पाहिजे

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातून फौजेत गेलेली पुष्कळ माणसे पेन्शनवर आल्यावर ठाणे-नवी मुंबईत स्थिरावतात. घणसोली, कोपरखैरणे, कळवा, डोंबिवली इथल्या कित्येक सोसायट्यांत हवालदार किंवा नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले कोणी ना कोणी भेटतेच. त्यांच्या आजारपणासाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही माजी सैनिकांची वर्गणीवरची आरोग्य योजना आहे. निवृत्तीच्या वेळी एकदाच वर्गणी भरायची आणि पती-पत्नी दोघांना आयुष्यभर उपचार. हवालदारापर्यंत ३० हजार, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७ हजार, अधिकाऱ्यांना १ लाख २० हजार. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात पती गमावलेल्या वीरपत्नींना ही वर्गणीही नाही. योजना चांगली आहे, याबद्दल दुमत नसावे.

अडते ते वेगळ्याच ठिकाणी. योजनेची सगळी माहिती सैनिकाच्या एकट्याच्या डोक्यात असते, आणि ज्या रात्री ती लागते त्या रात्री तोच स्ट्रेचरवर असतो. पत्नीला कार्ड कपाटात आहे एवढेच ठाऊक असते आणि मुलगा पुण्याला किंवा परदेशात असतो. म्हणून हे पत्र घरच्यांसाठी आहे.

छातीत कळ, पक्षाघाताचा झटका, अपघात, भाजणे, विषबाधा, साखर उतरून आलेली बेशुद्धी अशा वेळी पॉलिक्लिनिकचे, म्हणजे ईसीएचएसच्या स्वतःच्या दवाखान्याचे, रेफरल (रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी) लागत नाही. ईसीएचएसच्या पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या, जवळच्या रुग्णालयात थेट जायचे आणि काउंटरवर पहिल्याच वाक्यात सांगायचे की पेशंट ईसीएचएसचा आहे, इमर्जन्सी आहे. तिथून ४८ तासांच्या आत ईसीएचएसला ऑनलाइन कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची. पण रात्रपाळीला काउंटरवर बसलेल्याला हे बहुधा माहीत नसते. तो म्हणतो, "रेफरल आणा, नाहीतर डिपॉझिट भरा." घाबरलेली माणसे पैसे भरतात, पेशंटची नोंद 'कॅश' म्हणून होते आणि एकदा तशी फाइल तयार झाली की ती बदलून घेताना नाकी नऊ येतात. अशा वेळी वाद घालत बसू नये. रुग्णालयाचा ईसीएचएस किंवा पॅनेल विभाग कुठे आहे ते विचारावे, तो बंद असेल तर ड्यूटीवरच्या डॉक्टरकडून केसपेपरवर 'इमर्जन्सी' असे लिहून घ्यावे आणि कार्डाची झेरॉक्स तिथेच द्यावी.

पॅनेलची एक मेख बहुतेकांना ठाऊक नसते. रुग्णालय पॅनेलवर आहे याचा अर्थ तिथला प्रत्येक विभाग पॅनेलवर आहे असा नाही. एखादे फक्त डोळ्यांसाठी असते, एखाद्यात हृदयरोग असतो पण मेंदूची शस्त्रक्रिया नसते. कराराची मुदत संपते, थकलेल्या बिलांमुळे काही रुग्णालये कॅशलेस थांबवतात आणि दारावरचा बोर्ड मात्र तसाच राहतो. घराजवळच्या दोन रुग्णालयांची नावे, त्यांच्याकडे कोणते विभाग आहेत आणि करार चालू आहे का, हे दर सहा महिन्यांनी पॉलिक्लिनिकमध्ये विचारून कागदावर लिहून ठेवावे. तो कागद फ्रिजच्या दारावर लावावा, कार्डाबरोबर कपाटात नको.

पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात जावे लागले तरी हातपाय गाळू नयेत. फक्त त्या वेळी ४८ तासांत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचे काम घरच्यांचे असते. बिल आधी आपण भरायचे आणि नंतर परतावा मागायचा. तो सीजीएचएसच्या (केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दराने किंवा प्रत्यक्ष खर्चाने, यांत जे कमी असेल तेवढा मिळतो. मोठ्या खासगी रुग्णालयाचे बिल आणि हा दर यांत बराच फरक पडतो, म्हणून पेशंट हलवण्याजोगा झाला की पॅनेलवरच्या रुग्णालयात नेण्याविषयी डॉक्टरांशी बोलावे. परताव्याच्या फाइलमध्ये डिस्चार्ज समरी, इमर्जन्सीचा दाखला, मूळ बिले आणि पावत्या, औषधांची तपशीलवार बिले, कार्डाची प्रत आणि रद्द केलेला चेक लागतो. स्टेंट, लेन्स किंवा गुडघ्याचा सांधा बसवला असेल तर त्याच्या वेष्टनावरचा सिरियल नंबर असलेला स्टिकर हवाच. हे स्टिकर ऑपरेशन थिएटरमधून रुग्णालयाच्या फाइलला चिकटतात, घरच्यांच्या हाती पडत नाहीत आणि नंतर त्यावरूनच फाइल शेरा मारून परत येते. डिस्चार्जच्या दिवशी, बिल भरण्याआधी, ते मागून घ्यावेत.

आता रोजच्या उपचारांविषयी. रेफरल फक्त सल्ल्यापुरते असेल, तर पुढे दाखल व्हायला पुन्हा पॉलिक्लिनिकला यावे लागू शकते. उल्हासनगरहून किंवा उलव्याहून येणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला हा हेलपाटा फार जड जातो. म्हणून रेफरल हातात पडताच खिडकीपासून हलायच्या आत वाचावे. कोणता विभाग, कोणते रुग्णालय, तपासण्यांचा उल्लेख आहे का, मुदत किती. सीजीएचएसच्या यादीत नसलेली तपासणी किंवा शस्त्रक्रिया असेल तर आधी मंजुरी लागते. ती न घेता केलेल्या खर्चाचा परतावा अडकतो. ज्यांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे त्यांना पॅनेलवरच्या रुग्णालयात बाह्यरुग्ण सल्ल्यासाठी रेफरलशिवाय थेट जाता येते, हे अजूनही कितीतरी जणांना माहीत नाही. साध्या सल्ल्यासाठी 'सेहत ओपीडी' ही मे २०२१ पासूनची ऑनलाइन सोय आहे. नातवाच्या मोबाइलवरूनही डॉक्टरशी बोलता येते. औषध पॉलिक्लिनिकमध्ये नसेल तर चिठ्ठीवर 'एनए'चा (उपलब्ध नाही असा) शिक्का मारून घ्यावा. शिक्क्याविना बाहेरून घेतलेल्या औषधाचे बिल पुढे सरकत नाही.

सर्वात जास्त नुकसान होते ते नावांमुळे. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलायची रीत. फौजेतून सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात आणि पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) सुनंदा, आधारवर माहेरचे सुमन. जन्मतारखेचेही तेच. शाळेत घालताना लिहिलेली १ जून एका कागदावर आणि दुसरीच तारीख दुसऱ्यावर. सैनिक हयात आहे तोवर हे कोणाला खुपत नाही. तो गेला की 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर कुटुंब निवृत्तिवेतन अडते, आणि पत्नीचे कार्ड नव्या नावाने करून घेणेही लांबते. ऐन उतारवयात, एकटी असताना, तिने कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे. ही दुरुस्ती सैनिकाने स्वतःच्या सहीने आजच करून ठेवावी. आधार, डिस्चार्ज बुकाची प्रत आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. प्रकरण तिथून सैनिकाच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला जाते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. नौसैनिकांचे काम मानखुर्दच्या चीता कॅम्पमधून होते.

यात आपल्या भागाची एक खास अडचण आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली हे ठाणे जिल्ह्यात, त्यांचे सैनिक कल्याण कार्यालय ठाण्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे हेसुद्धा लोकांच्या लेखी नवी मुंबईच, पण जिल्हा रायगड, म्हणून कार्यालय अलिबागला. ठाण्याच्या कार्यालयात नंबर लावून, दुपारी 'तुम्ही रायगडचे' हे ऐकून परतणारी माणसे कमी नाहीत.

पेन्शन न मिळणाऱ्यांसाठीही मदत आहे. पासष्टी ओलांडलेल्या, पेन्शन नसलेल्या गरजू माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मिळणारे अनुदान १ नोव्हेंबर २०२५ पासून महिना ४ हजारांवरून ८ हजार झाले आहे. अर्ज ऑनलाइन आहे, शिफारस जिल्हा कार्यालयाची लागते. अग्निवीरांचे मात्र वेगळे आहे. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांना ईसीएचएस नाही, तेव्हा सेवानिधी (सेवा संपल्यावर मिळणारी एकरकमी रक्कम) हातात आला की आधी आरोग्य विमा काढावा, गाडी नंतर घ्यावी.

झोप न लागणे, चिडचिड, दारू वाढणे याला घरात 'फौजी स्वभाव' म्हणून सोडून दिले जाते. तसे करू नये. १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीत बोलता येते. फोन घरच्यांनी केला तरी चालतो.

तीन मागण्या आहेत. पॅनेलवरच्या प्रत्येक रुग्णालयाने अपघात विभागाच्या काउंटरवर 'ईसीएचएस इमर्जन्सीला रेफरल व डिपॉझिट लागत नाही' असा मराठी फलक लावावा आणि रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांना तो वाचायला लावावा. रायगडच्या सैनिक कल्याण कार्यालयाने महिन्यातून एक दिवस पनवेलला बसावे. तहसील कार्यालयात एक टेबल मिळाले तरी पुरे. आणि आपल्या वृत्तपत्राने ठाणे-नवी मुंबई आवृत्तीत पॅनेलवरच्या रुग्णालयांची यादी, विभाग आणि कराराच्या मुदतीसह, दर तिमाहीला छापावी, कापून फ्रिजला लावता येईल एवढ्या आकारात.

आपले,
माजी सैनिकांच्या कागदपत्रांच्या कामात मदत करणारे काही वाचक, ऐरोली