हीट पंपवाल्या त्या दोघांचे आभार

डिसेंबरात कोथरूडला आमच्या गच्चीवरचा हीट पंप, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं यंत्र, रुसला. आधी आलेल्या एकाने झाकणही न उघडता ‘कॉम्प्रेसर गेला, नवीन घ्या’ सांगितलं. मग शेजारच्या काकूंनी नंबर दिला आणि ते दोघे आले. आधी नुसतं ऐकत बसले: पंखा फिरतोय, पाणी कोमट, कॉइलवर बर्फ. कॉइलमध्ये कबुतरांची पिसं आणि धूळ! हवाच आत जात नव्हती, उष्णता ओढणार कुठून? साबणाचा फेस लावून गॅसगळती तपासली, बोअरच्या पाण्याचे क्षार काढले, टाकीला गंजण्यापासून वाचवणारा, आता झिजलेला अॅनोड रॉड बदलून जुना माझ्या हातात दिला. ‘दरवर्षी बघत जा.’ पैसे फक्त सर्व्हिसचे आणि रॉडचे. चहालाही थांबले नाहीत. मनापासून आभार, आणि काकू, तुमचेही. आई आता आंघोळीला दोन बादल्या गरम पाणी घेते.