वंशसंहाराचा पाठ आकड्यावर संपू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दुसऱ्या महायुद्धाच्या पाठात साठ लाख ज्यूंच्या हत्येचा उल्लेख येतो आणि बहुतेक विद्यार्थी तो आकडा परीक्षेपुरता लक्षात ठेवतात. त्या हत्येआधीची वर्षे मात्र वर्गात क्वचितच उलगडून सांगितली जातात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना खरे तर तीच शिकवायला हवीत. एप्रिल १९३३ मध्ये जर्मनीत ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला, त्याच महिन्यात त्यांना सरकारी नोकऱ्यांतून दूर करणारा कायदा आला, १९३५ मध्ये न्यूरेंबर्ग कायद्यांनी त्यांचे नागरिकत्व काढून घेतले आणि सामूहिक हत्यासत्र सुरू झाले ते १९४१ मध्ये. या आठ वर्षांत शेजारी, कारकून आणि शिक्षक काय करत होते, हा प्रश्न मुलांपुढे ठेवला पाहिजे. आफ्रिकेतील रवांडातही १९९४ च्या कत्तलीआधीपासून, तिला बळी पडलेल्या तुत्सी समाजाला रेडिओवरून झुरळे म्हटले जात होते.

रायगड जिल्ह्याला हा विषय परका नाही. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज आले, असे इथले बेने इस्रायली ज्यू परंपरेने सांगतात. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, तो बंद ठेवणारे हे लोक शनिवार तेली म्हणून ओळखले गेले, किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी इथल्याच गावांची आडनावे लावू लागले आणि अलिबागेत त्यांची इस्रायल आळी वसली. ज्यू म्हणून त्यांचा इथे छळ झाला नाही, याचा अभिमान रास्तच आहे. परंतु याच जिल्ह्यातील महाडला, नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करूनही, चवदार तळे अस्पृश्यांना बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तेथील पाणी प्यायले, तेव्हा सत्याग्रहींवर हल्ले झाले आणि पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. महाडची घटना वंशसंहाराच्या व्याख्येत बसत नाही, आणि शिक्षकांनी हा फरक नीट सांगावा. तरीही एका समाजाला सामावून घेणारा मुलूख दुसऱ्या समाजाला पाण्याला शिवू देत नव्हता, हे समजल्यावाचून जर्मनीचा इतिहास मुलांना कुठल्या तरी दूरच्या दुष्टांची गोष्टच वाटत राहील.

सगळ्या समाजाला एकजात गुन्हेगार ठरवणारे व्हॉट्सॲप संदेश आज मुलांच्या हाती रोज येतात. त्यांवर वर्गात बोलणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी उभे राहावे. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने नववी-दहावीसाठी अलिबाग, नवगाव आणि महाड यांची अभ्याससहल ठरवावी, तसेच संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराचे, वंशसंहाराची व्याख्या देणारे दुसरे कलम सोप्या मराठीत छापून, ऑशविट्झ या नाझी छळछावणीच्या मुक्तीचा दिवस असलेल्या २७ जानेवारीपूर्वी शाळांना द्यावे, अशी माझी विनंती आहे.

— एक निवृत्त शिक्षिका, रेवदंडा, जि. रायगड