सूचना: उन्हाळी विषय निवडताना

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत शाळेची नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्र किंवा शालेय समुपदेशनात मास्टर्स करणाऱ्या सभासदांसाठी ही आठवण. उन्हाळी नोंदणीआधी अ‍ॅडव्हायजरशी एकदा बोलून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो प्रॅक्टिकमचा, म्हणजे देखरेखीखाली करायच्या प्रत्यक्ष सरावाचा. कॅक्रेप (समुपदेशन अभ्यासक्रमांना मान्यता देणारी अमेरिकी संस्था)-मान्य समुपदेशन अभ्यासक्रमात ६० क्रेडिट्स असतात. त्यात प्रॅक्टिकमचे किमान १०० तास, पैकी ४० प्रत्यक्ष समुपदेशनाचे, आणि पुढे इंटर्नशिपचे ६००. जुलैत शाळाच बंद, मग मुलं आणायची कुठून? म्हणून समुपदेशनाचे सिद्धान्त, नीतिमत्ता, संशोधनपद्धती असे विषय उन्हाळ्यात उरकून टाका. शाळेतले तास सप्टेंबरनंतर.

तीन क्रेडिट्सचा विषय पाच-सहा आठवड्यांत कोंबलेला असतो. दोन एकदम घेऊ नका. मी घेतले होते. महिनाभर घरात विकतच्या पोळ्या!

बरीच पहिली उन्हाळी सत्रं मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला सुरू होतात आणि आपल्या शाळा चालतात जूनच्या मध्यापलीकडे. दुपारचा वर्ग जमणार नाही, वेळ बघूनच नोंदवा.

शाळेकडून फीची भरपाई हवी असेल तर सुपरिंटेंडेंटची (शाळांच्या प्रमुख अधिकाऱ्याची) मंजुरी विषयाला नाव नोंदवण्याआधी घ्यावी लागते, नंतर नाही. फेडरल कर्जाचं वर्ष १ जुलैला बदलतं. तुमचं उन्हाळी सत्र कोणत्या वर्षात धरतात, ते आर्थिक साहाय्य कार्यालयात विचारा.

ठरलेले विषय रविवारपर्यंत ग्रुपवर टाका, जुनी पुस्तकं आपसात फिरवता येतील. आणि मुंबईची तिकिटं कृपया त्यानंतरच काढा.