आंबोलीखालच्या परदेशातून

साळगाव, गोवा
२७ डिसेंबर

ती. तात्या व सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

आजीला नमस्कार सांगा आणि म्हणावं, परदेशातली पोर सुखरूप आहे. आंबोलीचा घाट उतरला की तिच्या लेखी अजून पोर्तुगीजच बसलेत. १९६१ साली ते गेले हे तिला तात्यांनी कितीदा सांगितलं, पण तिच्या डोक्यातला पास काही रद्द होत नाही. मी पुढच्या वेळी येताना पासच काढून आणते, म्हणजे तिचं समाधान.

नाताळला येते म्हणाले होते आणि आले नाही. फोनवर तुम्ही कुणीच काही बोलला नाहीत, ते जास्त लागलं. आई ओरडली असती तर बरं झालं असतं. २० डिसेंबर ते ५ जानेवारी हॉटेलात कुणालाच रजा नाही, हे मला नोव्हेंबरातच कळलं होतं. तेव्हा सांगायचा धीर झाला नाही, म्हणून 'बघते, बघते' करत राहिले. बंडू म्हणाला, हिशेबाच्या माणसाला गिऱ्हाइकांशी काय देणंघेणं. त्याला सांगा, गिऱ्हाईक खाऊन-पिऊन झोपतं, मग त्याचे आकडे जुळवायला मी जागी असते. हे सगळं फोनवर बोलायला गेलं की आईचा आवाज बदलतो आणि मी काहीतरी खोटं बोलून मोकळी होते, म्हणून लिहितेय.

आईनं विचारलेल्यांची उत्तरं एकदाची देऊन टाकते. रात्री उशीर झाला तर ऑफिसची गाडी दारापर्यंत सोडते. जेवण वेळेवर होतं. माझ्या घरमालकीण आंटींच्या घरी गेल्यावर काय खायचं आणि काय नाही हे त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, त्या माझ्यासाठी डाळ वेगळी काढून ठेवतात. दारू म्हणशील, तर आपल्या गल्लीत गणपतीच्या मिरवणुकीत जेवढी दिसते तेवढीसुद्धा या वाड्यावर दिसत नाही. आणि हो, २४ तारखेला मध्यरात्रीच्या मिस्सेला गेले होते, चर्चच्या अंगणात उभी राहिले, गाणी ऐकली आणि थंडी वाजली म्हणून परत आले. एवढंच. काकूला नीट सांग, नाहीतर तिच्या तोंडून आजऱ्यात मी बाटले असं व्हायचं.

आता इथली एक रीत सांगते. ती तुम्हाला पटणार नाही, म्हणून जरा नीट सांगते.

आंटींची सहा भावंडं आहेत, म्हणजे सहा घरं. पूर्वी नाताळात प्रत्येक घर बाकीच्या सगळ्यांना वेगवेगळी भेट द्यायचं. माणसं एकतीस. रुमाल, मोजे, पावडरचे डबे असला सगळा माल, आणि तो कपाटात पडून पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या हातात. आंटींनी दिलेला एक रुमाल म्हणे चार वर्षांनी त्यांच्याकडेच परत आला, घडीसुद्धा तीच. तेव्हा सगळे हसले आणि चिठ्ठ्या सुरू झाल्या. चिठ्ठीवर माणसाचं नाव नसतं, घराचं असतं. ज्या घराची चिठ्ठी तुमच्या हाती येईल, त्या अख्ख्या घराला मिळून एकच भेट द्यायची, पाचशे रुपयांच्या आत. पाचशे ही हद्द, त्याखाली कितीही चालतं. वस्तू अशी हवी की घरातल्या कुणा एकाला ती आपल्या खोलीत नेऊन दार लावून घेता येऊ नये. आणि स्वयंपाकघरातलं काही द्यायचं नाही. हा दुसरा नियम आंटींच्या एका भावामुळे झाला. त्यानं कुणाला तरी इडलीपात्र दिलं, तर त्या घरच्या सुनेनं तोंडावर सुनावलं, भेट साऱ्या घराला आणि घाम मला एकटीला. आई, ही बाई तुला आवडेल.

तात्या म्हणणार, पाचशेत सात माणसांना काय येतं? मलाही तेच वाटलं होतं. पण एका घरी जुना कॅरम होता, त्यांना नव्या सोंगट्या, स्ट्रायकर आणि पावडर मिळाली. बोर्ड माळ्यावरून खाली आला, तो अजून वर गेलेला नाही. दुसऱ्या घराला सगळ्या भावंडांच्या ट्रंकांमधले जुने फोटो गोळा करून, त्यांच्या प्रती काढून एका वहीत चिकटवून दिले. खर्च फक्त प्रतींचा. पण 'हा कोण' यावरून दोन म्हाताऱ्यांचं जे भांडण लागलं त्यात दुपार गेली. पाचशेच्या पूर्ण हद्दीत आणलेली चकचकीत भेट एकच होती, भिंतीवरचं घड्याळ. ते लावलं, आणि विषय संपला.

मला चिठ्ठी आली ती दिवाडी बेटावरच्या घराची. हो, चिठ्ठ्यांत मीही होते. मी म्हटलं, आंटी, मी भाडेकरू, आणि माझ्या खोलीत मी एकटी, माझं कसलं घर? तर म्हणाल्या, "तुजेंय एक घरूच गो बाय." म्हणजे तुझंही एक घरच की गं. यावर काय बोलणार.

दिवाडीच्या घरात चौऱ्याऐंशीच्या अंकलपासून तीन वर्षांच्या पोरापर्यंत सात माणसं. मी त्यांना नाताळची चांदणी द्यायचं ठरवलं. इथं प्रत्येक दारावर ती टांगतात, जसा आपला आकाशकंदील. हल्ली प्लास्टिकच्या मिळतात, पण तात्या, तुमच्या हाताखाली मी उगाच कामट्या तासल्या नाहीत. दहा सारख्या कामट्या घ्यायच्या. पाच-पाचांच्या दोन चांदण्या बांधायच्या, एकीवर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्यानं आवळायची, आणि मधल्या पाच सांध्यांत बोटभर काड्या उभ्या अडकवायच्या. तेवढं केलं की चपटी चांदणी पोट फुगवून बसते. शेवटची काडी बसवताना माझ्याकडून दोनदा सांगाडा सुटला आणि तुमची शिवी तोंडात आली. कागद मात्र लावलाच नाही. सांगाडा, पतंगाचा कागद, दोरा आणि होल्डर असं सगळं १८० रुपयांत झालं. रायबंदरहून फेरीबोटीनं ते नाताळच्या दहा दिवस आधी नेऊन दिलं आणि म्हटलं, खळ तुम्ही करा, चिकटवा तुम्ही सगळे. अंकलनी कागद कापला. पोरानं एका लाल टोकावर निळा तुकडा डकवला, तो त्यांनी तसाच ठेवलाय.

आई, आता एक कबुली. दिवाळीला तू दिलेला घनसाळ तांदूळ मी जपून वापरते असं सांगत होते. त्यातला दोन किलो आंटींना दिला. नाताळात इथं शेजारीपाजारी फराळाचं ताट येतं, त्याला कोंसुआद म्हणतात. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच, शिवाय दोदोल, चण्याच्या डाळीचा दोस, कुलकुल आणि बिबिंका. बिबिंका करायला आंटी अर्धा दिवस चुलीपाशी होत्या. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर आणि मैदा यांचा एक थर ओतायचा, वरून निखाऱ्यांची आच द्यायची, तो तांबूस झाला की तूप लावून पुढचा. एका थराला घाई केली तर अख्खी बिबिंका रुसते. असं ताट दारात आल्यावर ते मी रिकामं परत देऊ? तूच शिकवलंयस. घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून तांदूळ भरून दिला. शिजवला तेव्हा वास गल्लीपर्यंत गेला. वर मी ऐटीत सांगितलं, आमच्या आजरा घनसाळला भौगोलिक मानांकन २०१६ साली मिळालंय, तुमच्या बिबिंकाला २०२३ साली, म्हणजे आम्ही थोरले. आता डब्यात चार दिवसांचा उरलाय. रागावू नको.

मला काय मिळालं ते ऐका. चटई. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली, चार माणसं जेवायला बसतील एवढी मोठी. माझ्या खोलीत ती पूर्ण उलगडायची तर कॉट उभी करावी लागते. मी हसले, पण त्यांचा नियमच तसा, एकटीसाठी वस्तू चालत नाही. तेव्हा तुम्ही या. तात्यांना गुडघ्याचं कारण पुरणार नाही, इथं जिना नाही.

सोबतच्या पार्सलात तुम्हा सगळ्यांना मिळून एकच वस्तू आहे. आमच्या स्टोअरमधला गडहिंग्लजचा मुलगा आणून देईल. त्याचं लग्न झालंय, पोरगीही आहे, हे आधीच लिहून ठेवते. वस्तू म्हणजे हावझीचा संच, एकानं आकडे काढायचे आणि बाकीच्यांनी आपापल्या तिकिटावर जुळवायचे तो खेळ, तंबोला. इथं नाताळ म्हटलं की मैदानात हावझी असतेच. किंमत २४० रुपये. लपवत नाही. गेल्या दिवाळीला सगळ्यांना कपडे घेतले होते, या वेळी नाही जमलं. पण माझ्या मागं जेवणं झाली की एक जण टीव्हीपुढं आणि बंडू मोबाईल घेऊन माडीवर, हे आजी मला फोनवर सांगते. आकडे तिनंच काढायचे. तिला अक्षर येत नसलं तरी नोट कधी चुकीची मोजलेली मी पाहिली नाही. तिकिटावर पेनानं खुणा करू नका, आकड्यांवर चिंचोके ठेवा, म्हणजे तिकिटं वर्षभर पुरतील.

पैशाचं. या महिन्यात बाराऐवजी आठच पाठवलेत. आधीच्या नोकरीतला दोन महिन्यांचा पगार अजून आलेला नाही, मागून मागून तोंड दुखलं. हंगाम संपला की इथला जादा भत्ता मिळेल, त्यातून तात्यांच्या मोतीबिंदूचं बघायचं. तारीख घेऊन ठेवा, पैशासाठी थांबू नका, आणि काकांकडं तर अजिबात मागू नका.

नेसरीच्या मुलाचा फोटो पाहिला. नाही म्हणत नाही. चष्मा चांगला आहे. पण पत्रिका जुळली की लगेच तारीख, असं करू नका, मला त्याच्याशी एकदा बोलू द्या. मुलगी गोव्यात एकटी राहते म्हणून त्याच्या मावशीनं नाक मुरडलं असं ताई म्हणाली. मावशीला सांगा, एकटी राहते, पण तिच्या घराच्या नावानं चिठ्ठी निघते. नको, असलं काही सांगू नका, तिला कळायचं नाही. संक्रांतीला दोन दिवस येते, तेव्हा काय ते बोलू. या वेळी 'बघते' नाही, रजेचा अर्ज दिलाय.

आजीच्या पायाला तेल लावत जा. बंडूला आशीर्वाद.

तुमची,
बेबी

ता. क. पार्सल बांधताना ७४ नंबरची सोंगटी कॉटखाली गेली, ती काही सापडली नाही. त्याऐवजी माझ्या निळ्या कुडत्याचं बटण घातलंय, वर आकडा लिहिलाय. आजीच्या हाताला ते वेगळं लागेल, आधी सांगून ठेवा.